भाजलेलं मीठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावच्या मीठ कारखान्याचे संचालक श्री. वेई बो; वाटेत दरड कोसळल्यामुळे दोन तास अडकूनही आवर्जून आलेले तालुक्याच्या आरोग्य खात्याचे साहेब; गावचे सचिव श्री. चिन, छातीवर बशीएवढं लाल फूल लावल्यामुळे अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती तान रुईफांग, म्हणजे आपल्या तान डॉक्टरबाई, आणि शिलियांग गावच्या माझ्या वडीलधाऱ्या मंडळींनो, लेकीसुनांनो, दाराशी उभं राहून सूर्यफुलाच्या बिया फोडणाऱ्या तरुण मित्रांनो, आपणा सर्वांना पेंग देशुनचा नमस्कार.

सचिवांनी मला बजावून सांगितलंय, "पेंगकाका, दहा मिनिटं. आणि कृपा करून जुनं उगाळत बसू नका." आता तुम्हीच सांगा, सत्तरी गाठलेल्या माणसाकडे नवं काय असणार? गुडघेदुखी तेवढी नवी आहे. ती ऐकायला तुम्ही इतक्या लांबून आला नाहीत.

जिंग, बाळ, तिथून दिसतंय ना तुला? बस हं तिथेच. ती माझी सून, मंडळी. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, निळ्या स्वेटरमध्ये. आठ महिन्यांची नात पलीकडे शूआजींच्या मांडीवर आहे. मधेच रडली तर मला बोलू नका, शूआजींना बोला.

तर डॉक्टरबाई. त्या या गावात आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. खांद्यावर लाकडी पेटी, पायात भिजलेले कापडी बूट, आणि तोंड असं की तहसील कार्यालयातल्या हवालदारानंही वाट सोडावी. आज या सभागृहात चाळिशीच्या आत जो कोणी बसलाय, त्याच्या पाठीत आयुष्यातली पहिली चापट यांनी मारलेली आहे. अध्यक्षमहाराज, तुमच्याही. तुम्ही उलटे जन्माला आलात. बाहेर बर्फ गुडघ्यापर्यंत होता, आणि या बाई कड्यावरून दोर धरून उतरल्या होत्या. तुमच्या आईला वेदनेपेक्षा यांच्या शिव्यांचीच जास्त भीती वाटत होती, असं ती स्वतः सांगायची.

हे सगळं सचिवांनी आपल्या भाषणात सांगितलंच आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय. बाळंतपणं किती, लसी किती, प्रशस्तिपत्रं किती. मी त्यात काय भर घालणार? मी एक दुकानदार माणूस. सोसायटीच्या दुकानात तीस वर्षं गल्ल्यामागे उभा राहिलो. म्हणून मी आपला मिठाबद्दल बोलणार आहे.

बघा, अध्यक्षांचा चेहरा खुलला. थांबा, वेई साहेब, टाळ्या शेवटी.

तुम्हा तरुणांना ठाऊक नसेल, पण एके काळी खोऱ्यातले लोक आपल्याला "गळ्यावाले" म्हणायचे. इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या गळ्याला थैली लोंबायची. माझ्या आजीची एवढी होती, मुठीएवढी. आम्हाला वाटायचं, डोंगराच्या हवेनं होतं. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा आम्हाला सांगितलं की दोष मातीचा आहे. आयोडीन नावाचा एक क्षार असतो. समुद्राकडच्या लोकांच्या मासळीत, शेवाळात तो भरपूर. आपल्या डोंगरावरून तो हजारो वर्षं पावसानं धुऊन नेला. मातीत नाही म्हणून मक्यात नाही, मक्यात नाही म्हणून आपल्यात नाही. एका माणसाला पोत्यातल्या चिमटीएवढाही लागत नाही हो, पण तेवढाही मिळाला नाही तर गळ्यातली ग्रंथी सुजते. आणि गळा सुजला तर दिसतो तरी. सगळ्यांचा सुजतोच असं नाही.

"मग ज्यांचा गळा सुजत नाही त्यांचं काय होतं?" मी विचारलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांची चूल आतून विझत जाते. अंग गार पडतं, केस गळतात, आवाज जाड होतो. आणि मन जातं. माणूस तिथंच बसलेला असतो, पण मन गेलेलं असतं. घरचे म्हणतात, आळशी झाली."

मी मान डोलावली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकापुढे डोलावतो तशी.

एकोणऐंशी साली सरकारनं आयोडीन घातलेलं मीठ पाठवलं. पाकिटं नव्हती तेव्हा, पोती होती, निळा शिक्का मारलेली. डॉक्टरबाई त्या दिवशी स्वतः घोड्यांच्या तांड्याबरोबर घाटातून चालत आल्या होत्या. एका पोत्याला पाऊस लागू नये म्हणून अंगातला कोट काढून त्यावर घातला होता. असं मीठ माझ्या ताब्यात दिलं त्यांनी. आणि पहिल्याच आठवड्यात या शूआजी, तेव्हा त्या शूवहिनी होत्या, दुकानात आल्या. आठवतं का, वहिनी?

"पेंगभाऊ, खरं सांगा. हे मीठ खाल्लं की पोरं होत नाहीत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"माझी नणंद."

"तुझ्या नणंदेला पाच आहेत की!"

"म्हणूनच तर सरकारनं पाठवलं असेल!"

हसताय तुम्ही. मीही हसलो होतो. पण ते वर्ष कसलं होतं ते ज्येष्ठांना आठवत असेल. एकच मूल, असा फतवा नुकता निघाला होता. वरून आलेल्या गोळीला, सुईला, मिठाला, सगळ्यालाच लोक भीत होते. शिवाय पोतं उघडलं की त्या मिठाला एक उग्र, औषधी वास यायचा. बायका यायच्या, चिमूट नाकाशी धरायच्या आणि रिकाम्या हातानं परत जायच्या. पोती तशीच पडून. वरून मला ओरडा बसायचा की शिलियांगमध्ये मीठ का खपत नाही.

तेव्हा मी एक शक्कल लढवली. ती मी आजवर या गावात कुणापुढे बोललो नाही. चाळीस वर्षं झाली. आज बोलतोय.

आपल्याकडे वर्षाच्या बाराव्या महिन्यात डुक्कर कापलं की मांस खारवायला मीठ तिरफळांबरोबर कढईत भाजतात. खमंग वास सुटतो, मीठ पिवळसर होतं. आजही भाजतो आपण. मी शूवहिनींना म्हटलं, "अगं, मग भाज ना. मांसासाठी भाजतेस तसं वर्षाचं सगळंच मीठ एकदम भाजून बरणीत भरून ठेव. वास उडून जाईल आणि त्यात सरकारनं काही औषध घातलं असेल तर तेही उडून जाईल. सरकारही खूश, तूही खूश!"

गंमत म्हणून बोललो. त्या हसल्या आणि दोन शेर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची जाऊ आली, तिसऱ्या दिवशी नणंदसुद्धा आली. महिन्याभरात सगळी पोती संपली. तालुक्याहून मला पत्र आलं, अभिनंदनाचं. लाल शाईतलं. ते मी भिंतीवर लावलं.

पाणी देता का कुणी जरा? ... नको, चहा नको.

माझी बायको त्सुईपिंग. नव्या पिढीनं तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. ती या गावातली सर्वात तोंडाळ बाई होती. डॉक्टरबाई दोन नंबरवर. शेतात मका खुरपताना ती पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी भांडायची, आणि तो माणूस भांडण हरायचा. मला ती "गल्ल्यामागचा बोका" म्हणायची. एक्याऐंशी साली आम्हाला मुलगा झाला, योंग. त्यानंतर हळूहळू तिचं तोंड मिटत गेलं.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू? घरात शांतता झाली. मग ती उन्हातसुद्धा रजई पांघरून बसायला लागली. लापशी चुलीवर करपून जायची, आणि ती शेजारी बसून करपताना बघत राहायची. मी म्हणायचो, "काय राणीसरकार, आज तरी उठणार का?" माझी आई म्हणायची, "बाळंतपणाचं सोंग तीन वर्षं पुरवतेय." आम्ही दोघं मिळून तिला टोचत होतो. एकदा ती मला म्हणाली, "अहो, आत कुणी नाहीये. मी हाक मारते, पण आतून कुणी ओ देत नाही." मी म्हटलं, "जास्त झोपलं की असंच होतं."

ती एकटी नव्हती. वरच्या वाडीतल्या तिघी, गिरणीशेजारच्या दोघी, आणि या आपल्या शूवहिनी. एकेक बाई अशी गप होत गेली. खोऱ्यातले लोक आता आपल्याला गळ्यावाले म्हणेनासे झाले, "गप बायकांचं गाव" म्हणू लागले. आपल्या पोरांना मुली द्यायला तयार होईनात. कुणी म्हणे खिंडीतल्या देवळाचा कोप, कुणी म्हणे बाहेरची बाधा. पुरुषांनी धूप जाळला, कोंबडे कापले. मी स्वतः कापला. आणि त्या कोंबड्याच्या रश्श्यात तेच भाजलेलं मीठ घातलं.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात डॉक्टरबाई घरी आल्या. त्सुईपिंगच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, घोट्यावर बोट दाबलं, आणि मला अंगणात नेऊन म्हणाल्या, "पेंग, हिला तालुक्याला ने. रक्त तपासू दे."

"नेतो, बाई. तेवढे बटाटे लावून होऊ देत."

"आठ दिवस."

"हो, हो. आठ दिवसांत."

सहाव्या दिवशी सकाळी ती नदीवर पाण्याला गेली. लख्ख ऊन होतं. तास झाला, दोन तास झाले. मी दुकानाला कुलूप लावून खाली गेलो. दोन्ही बादल्या काठावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, भरलेल्या. कावडीचा दांडा त्यांच्यावर आडवा, बरोबर मधोमध. गाव म्हणालं, पाय घसरला असेल. मीही तेच म्हणालो, मुलालाही तेच सांगितलं. पण पाय घसरणारं माणूस कावडीचा दांडा असा नीट ठेवून घसरत नाही, हे मला त्या काठावरच कळलं होतं.

अध्यक्षमहाराज, तुमच्या घड्याळाकडे मी बघतोय. फार वेळ घेणार नाही. जिंग, थंडी वाजते का गं? खिडकी लावून घे.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरबाई तालुक्याहून एक छोटी बाटली घेऊन आल्या. त्यात एक पातळ औषध होतं, पेजेच्या निवळीसारखं दिसणारं. मिठावर थेंब टाकला आणि मीठ निळं झालं, तर आयोडीन आहे. पांढरंच राहिलं, तर नाही. इतकं साधं. त्यांनी माझ्या दुकानातल्या पोत्यातलं मीठ बघितलं. निळं झालं, गडद. मग त्या घरोघर फिरल्या. प्रत्येक चुलीपाशी जाऊन बरणीत थेंब टाकला. पांढरं. वरच्या वाडीत पांढरं, गिरणीपाशी पांढरं, माझ्या घरातही पांढरं. माझ्या दुकानातून निघताना निळं असलेलं मीठ शंभर पावलं चालून घरी जाईतो पांढरं कसं झालं?

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. दार आतून लावून घेतलं.

"पेंग, या बायका मीठ भाजतात."

मी तराजूची पारडी पुसायला लागलो.

"कडक भाजतात आणि चुलीशेजारी उघड्या बरणीत वर्षभर ठेवतात. त्यात काय उरणार, डोंबल? सगळ्याजणींना विचारलं, कोणी सांगितलं भाजायला. सगळ्याजणींनी एकच नाव घेतलं."

"बाई," मी म्हटलं, "मी गंमत केली होती."

त्यांनी बाटली पेटीत ठेवली.  मग मी विचारलं, "त्सुईपिंग..." 

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं दुःख मिठातून येत नाही. सासू असते, नवरा असतो, आणखी शंभर गोष्टी असतात. पण तिची लक्षणं मी पाहिली होती. मीठ धड असतं तर तिला झुंजायला अंगात जोर राहिला असता, एवढं मी म्हणेन."

मी म्हटलं, "मी गावापुढे सांगतो. आत्ता सांगतो."

"खबरदार!" त्या ओरडल्या. "लोक तुला दगड मारतील, त्याचं मला काही नाही. पण मीठही गटारात ओततील. म्हणतील, बघा, बिघडलेलं होतं. मला यांच्या पोटात मीठ घालायचंय, पेंग. तुझी कबुली मला नको. तू गप्प बस आणि माझं काम कर."

तेव्हापासून मी गप्प बसलो आणि त्यांचं काम केलं. त्यांनी गावाला, का ते न सांगता, एवढंच सांगितलं की मीठ भाजायचं नाही, झाकून ठेवायचं आणि भाजी उतरवताना शेवटी घालायचं. मी प्रत्येक पुडीबरोबर तेच पाठ केल्यासारखं म्हणायचो, "शेवटी घाला, शेवटी घाला." तुमच्या आया मला "शेवटी पेंग" म्हणायच्या. नावाचं कारण तुम्हाला आज कळलं असेल.

आणि चमत्कार बघितला आपण. त्या वर्षी डॉक्टरबाईंनी सहाजणींना पाठीवर लादल्यासारखं करून तालुक्याला नेलं, रक्त तपासलं, गोळ्या सुरू केल्या. शूवहिनी चार महिन्यांनी एका सकाळी अंथरुणातून उठल्या, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? नवऱ्याला म्हणाल्या, "अरे मेल्या, डुकरांना खायला कोण तुझा बाप घालणार?" तो बिचारा आनंदानं रडत डॉक्टरबाईंकडे धावत आला. "बाई, शिवी दिली! शिवी दिली!" ... हसा, शूआजी, हसा. तुमच्या त्या शिवीनं मला किती दिवस झोप लागली नाही ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही परत आलात. एक आली नाही.

हे झालं जुनं. उगाळून झालं, सचिवसाहेब. आता जरा नवं.

दोन वर्षांपूर्वी आपले वेई बो शहरातून परत आले. पोरगा हुशार, कष्टाळू, यात वाद नाही. पलीकडच्या घळीतली खाऱ्या पाण्याची जुनी विहीर त्यांनी उपसली, भट्ट्या घातल्या, तीस माणसांना काम दिलं. पिशवीवर छापलं, "पूर्वजांचं मीठ. काहीही न मिसळलेलं." काहीही न मिसळलेलं. आणि त्यातला खास प्रकार कुठला? तिरफळं घालून कढईत भाजलेलं. "आपल्या आज्या करत होत्या तसं." ती युक्ती कुठल्या आजीची आहे, हे वेई साहेबांना माहीत असण्याचं कारण नाही. ते जन्मलेही नव्हते. आम्ही कुणी त्यांना सांगितलंच नाही.

शहरातले लोक ते हौसेनं नेतात. नेऊ देत. त्यांच्या ताटात मासळी आहे, बाहेरगावचं धान्य आहे. पण आपणही अभिमानानं तेच खातो ना? आपल्या मातीचं, आपल्या विहिरीचं. दुकानात आता पाकिटाचं मीठ मिळत नाही, कुणी मागतच नाही. ती छोटी बाटली कुठे गेली? डॉक्टरबाई वर्षभर ओरडत होत्या. सचिव म्हणाले, "बाई, काळ बदललाय. गलगंड आता दिसतो का कुठे?" नाही दिसत. म्हटलं ना मी, सगळ्यांचा सुजतोच असं नाही.

माझी सून जिंग वेई साहेबांच्याच कारखान्यात पिशव्या भरत होती. मोठी बडबडी पोर. मला "शेवटी बाबा" म्हणायची, कुणाकडून तरी ऐकलं असेल. योंग किनाऱ्याकडे बांधकामावर असतो, वर्षातून एकदा येतो. मका काढणीच्या सुमाराला मला जाणवलं की घर शांत झालंय. ती उन्हात रजई घेऊन बसली होती. पोर रडत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.  मी तिला राणीसरकार म्हटलं नाही. तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "बाळ, आत कुणी आहे का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

कालची, सोमवारची गोष्ट. दुपारी जेवणं झाली. तिनं सगळे वाडगे घासले, पुसले, एकावर एक रचले, आणि त्यांच्यावर पळी आडवी ठेवली. बरोबर मधोमध. मग चपला घातल्या आणि म्हणाली, "बाबा, मी जरा खाली जाऊन येते."

आता आपल्याकडे नळ आहे. खाली कशाला जायचं?

मी म्हटलं, "चल, मीही येतो." ती म्हणाली, "नको, तुमचे गुडघे दुखतात." मी म्हटलं, "दुखू देत." नातीला काखोटीला मारलं आणि तिच्या मागोमाग नदीपर्यंत गेलो. काठावर बसलो तिघं.  सांजावलं तसे परत आलो. येताना डॉक्टरबाईंच्या दारावर थाप मारली. त्यांनी तिच्या पापण्या बघितल्या, घोट्यावर बोट दाबलं, रक्त काढून तालुक्याला पाठवलं. मला म्हणाल्या, "मिठाचंच आहे असं मी आज म्हणणार नाही. बाळंतपणानंतर होतं असं, एकटेपणानंही होतं. रक्ताचं उत्तर गुरुवारी येईल. तोवर हिला क्षणभरही एकटी सोडायची नाही. आणि या खेपेला बटाटे लावत बसू नकोस."

हे सगळं चारचौघांत सांगू का, असं मी आज सकाळी जिंगला विचारलं. ती म्हणाली, "सांगा. काय फरक पडतो?"

हा समारंभ मंगळवारी, म्हणजे आज. डॉक्टरबाईंचा मुलगा त्यांना उद्या सकाळच्या बसनं शहरात नेणार आहे. रक्ताचं उत्तर गुरुवारी. आणि आरोग्य केंद्रात त्यांच्या जागी कोण येणार? साहेबांनी मघाशी सांगितलं, भिंतीवर एक पडदा बसवणार आहेत. त्याच्यापुढे बसायचं आणि तालुक्याच्या डॉक्टरशी बोलायचं. चांगलं आहे. फक्त ज्याच्या आत कुणी उरलेलं नाही, ते माणूस उठून पडद्यापर्यंत कसं जाणार, तेवढं साहेबांनी सांगावं.

तुम्हा सगळ्यांना दाराशी एकेक कापडी पिशवी भेट मिळाली आहे. सत्कारमूर्तींनाही मिळाली. रेशमी दोरी, सोनेरी अक्षरं. ज्या बाईनं चाळीस वर्षं आपल्याला मीठ खायला शिकवलं, तिला निरोपाला आपण काय दिलं बघा. वेई साहेब, रागावू नका. चूक तुमची नाही, माझी आहे. ती छोटी बाटली डॉक्टरबाईंनी काल मला दिली, सामान आवरताना त्यांना सापडली. त्यांच्या घरच्या पाकिटातल्या मिठावर थेंब टाकून बघितला, अजून निळं होतं. ही बघा. ही माझी पिशवी. सोडली दोरी. हे मीठ या बशीत. आणि हा थेंब.

मागच्यांना दिसत नसेल. पुढच्यांनी सांगा त्यांना. कुठला रंग आलाय? ... मोठ्यानं सांगा, शूआजी. ... हो. पांढरं.

म्हणजे आपण परत तिथेच आलोय. या वेळी वरून कुणी काही पाठवलेलं नाही, कसला वास नाही, अफवा नाही. आपण आपल्या हातानं, प्रेमानं भाजून खातोय. या सभागृहात आज कितीजणी उन्हात रजई घेऊन बसतात? आठवा जरा. कुणाकुणाच्या घरात अलीकडे फार शांतता झालीये? कुणाची लापशी करपते? कुणाला तुम्ही आळशी म्हणता? हात वर करू नका. फक्त आठवा.

मी म्हणत होतो की डॉक्टरबाईंच्या...

जिंग?

तिसऱ्या रांगेत... ती खुर्ची... अहो, तिथं आत्ता बसली होती ना? निळा स्वेटर. कुणी पाहिलं का तिला जाताना? दाराशी उभ्या असलेल्यांनी पाहिलं का? बिया फोडणं थांबवा हो! कुठल्या बाजूला गेली? खाली?

सचिव, सोडा मला, मला जाऊ द्या...

काय? काय म्हणालात, शूआजी? पुन्हा सांगा.

... हो. हो, खरंच की. डॉक्टरबाईंचीही खुर्ची रिकामी आहे. फूल तेवढं खुर्चीवर काढून ठेवलंय.

थांबा. मला खिडकीपर्यंत येऊ द्या. ... दिसतायत. पायवाटेवर दोघीही दिसतायत. जिंग पुढे आहे, बाई मागून... नाही, गाठलं त्यांनी. हात धरला. काहीतरी बोलतायत. नक्की शिव्या देत असणार. उभ्या आहेत दोघी. जिंग नदीकडे बघतेय. ... बसल्या. दगडावर बसल्या, शेजारी शेजारी.

मंडळी, मी टेबलाला धरून बोलतो. दोन शब्दांत संपवतो. आपल्या सत्कारमूर्ती आपला सत्कार अर्धा टाकून गेल्या आहेत. चाळीस वर्षांत त्यांनी दुसरं काय केलंय? आज त्या तिच्यामागे गेल्या. उद्या सकाळी त्यांची बस आहे. उद्यापासून मी जाईन. पण माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. मी नसेन त्या दिवशी या गावातली एखादी पोर वाडग्यांवर पळी आडवी ठेवून "जरा खाली जाऊन येते" म्हणाली, तर "मीही येतो" म्हणायचं कुणाला सुचेल? याचं उत्तर मला अध्यक्षांकडून नको. जाताना एकमेकांना द्या.

आभार मानायचे तर डॉक्टरबाईंचे मानावे लागतील, आणि त्या ऐकायला इथे नाहीत, हेच बरं. अध्यक्षांचे, साहेबांचे, सचिवांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. आत स्वयंपाकघरात जेवण तयार आहे, मांस खारवलेलं आहे. मी जेवायला थांबत नाही, मला खाली जायचंय.

बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हाताऱ्याला क्षमा करा. एका गोष्टीची क्षमा मात्र मी मागत नाही, आणि कुणी करूही नये. डॉक्टरबाईंनी ती गावाच्या भल्यासाठी इतकी वर्षं झाकली, आणि झाकली म्हणून तुम्हाला कळली नाही, कळली नाही म्हणून ती परत झाली. मीठ भाजायला पेंग देशुननं सांगितलं होतं. हे तुमच्या मुलांना माझ्या नावासकट सांगा.